शेवाळी तबकडी

दातांच्या दवाखान्यात रविवारी गाल धरून कुणी बसत नसे. रविवारी तिथे घड्याळवेडे बसत. टीव्ही डॉक्टरीणबाईंचा, बाकं डॉक्टरीणबाईंची, आणि आरडाओरडाही निम्मा त्यांचाच.

आज सगळे वेळेआधी हजर होते. वर्षभर जिच्या नावाने बोटं मोडायची, त्या कंपनीची नवी घड्याळं पडद्यावर येणार होती. नियम ठरलेला होता. घड्याळ दिसलं की लगेच मत द्यायचं, आणि ज्याला शिव्या घातल्या ते जन्मात विकत घ्यायचं नाही. घेतलं तर मंडळातून बाहेर. नियम कप्तानांचा. कप्तान म्हणजे बोटीवरचे निवृत्त इंजिनियर. जहाज त्यांनी कधी हाकलं नव्हतं, पण हुकूम सोडायची हौस दांडगी.

पहिलंच घड्याळ आलं आणि डॉक्टरीणबाईंचे धाकटे दीर किंचाळले. "वहिनी, हे घड्याळ आहे की कढईचं झाकण?"

"भाऊजी, तुम्हाला शोभेल. तुम्हाला मनगट कुठंय, खांब आहे!"

भाऊजी बांधकामाचे ठेकेदार. त्यांनी खुशीत बाही वर सारून खांब दाखवला.

"लाल काटा, पिवळे आकडे, निळा पट्टा," मंडळातले चौथे, वकील, म्हणाले. "सर्कस आली वाटतं गावात."

"बाद!" कप्तान गरजले.

मग पाण्यात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांचं आलं. "घेणारे आंघोळीलासुद्धा काढून ठेवतात," असं म्हणत चौघंही पडद्याला नाक लावून बसले. काय रुबाब होता! भाऊजींनी तर शिट्टीच मारली.

मग आलं 'खास स्त्रियांसाठी', आणि डॉक्टरीणबाईंचं डोकं फिरलं. वर हिरे, आत बॅटरी. दरवर्षी हेच. या दीडशहाण्यांना वाटतं, बाईला घड्याळ म्हणजे काकणाचा भाऊ. आत चाकं फिरतात, स्प्रिंग श्वास घेते, हे तिला कशाला कळायला हवं! बाईंचं मनगट बारीक. पुरुषांचं घड्याळ चढवलं की हाताला बशी बांधल्यासारखं दिसे. बाईंना हवं होतं एक लहान, चावीचं, बिनहिऱ्यांचं. रोज सकाळी स्वतः चावी द्यायची, एवढंच. लोकांची किडकी दाढ उपसताना वर्षानुवर्षं त्यांनी हेच स्वप्न रंगवलं होतं.

त्याच संतापात शेवटचं घड्याळ आलं. टीव्हीभर एक गोल हिरवट तबकडी.

"शेवाळ!" बाई कडाडल्या. "टाकी घासून काढलेलं शेवाळ! हे फुकट दिलं तरी मी खरकट्या हातालासुद्धा बांधणार नाही!"

आणि मग निवेदकाने आकार सांगितला. कंपनीने आजवर केलेलं सगळ्यात लहान. चावीचं.

टीव्हीवर सगळीच घड्याळं परातीएवढी दिसतात, हे ज्या बाईंनी इतरांना शंभरदा ऐकवलं होतं, त्याच फसल्या होत्या.

"वहिनी," भाऊजी हळूच म्हणाले, "हे तर तुमचंच होतं हो."

"बोललं ते बोललं," कप्तान म्हणाले. वकिलांनी मान डोलावली. वकील कसले, मेले नंदीबैल!

त्या आठवड्यात बाई शोरूममध्ये गेल्या. नुसतं बघायला. नुसतं बघायला जाणाऱ्यांचं काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. विक्रेत्याने घड्याळ मनगटावर ठेवलं आणि ते तिथे असं बसलं, जणू हाताबरोबरच जन्मलं असावं. बाईंनी हात खिडकीशी नेला. शेवाळ कुठलं! खोल विहिरीत ऊन उतरावं तसा रंग आतून वर येत होता. त्यांनी चावी फिरवली. बोटांना बारीक करकर जाणवली आणि काटा निघाला. बाई भर शोरूममध्ये लहान पोरीसारख्या हसल्या.

"एकच आलंय, डॉक्टर," विक्रेता म्हणाला. "संध्याकाळी दुसरे येणार आहेत बघायला."

"येऊ देत," बाई म्हणाल्या. "रिकामी डबी दाखवा त्यांना."

रविवारी त्या मुद्दाम अर्ध्या बाह्यांचा ब्लाऊज घालून आल्या. लपवाछपवी त्यांच्या रक्तात नव्हती.

"घेतलं," त्यांनी हात पुढे केला. "मी चुकले. डोळ्यांनी न बघता तोंड चालवलं. पण टीव्हीवरच्या चित्राला दिलेल्या शिवीपायी हे सोडायचं? तुमचा नियम गेला खड्ड्यात. काढा मला बाहेर!"

"नियमाप्रमाणे..." वकिलांनी घसा खाकरला.

"बाहेर म्हणजे कुठे?" भाऊजी म्हणाले. "दवाखाना वहिनींचा. आपल्यालाच रस्त्यावर बसावं लागेल."

"तुम्ही गप्प बसा. मी कुलूप लावून जाईन, पण घड्याळ काढणार नाही." बाई म्हणाल्या. या तिघांशिवाय रविवार कसा जाणार, हे त्यांनाही कळत नव्हतं.

कप्तान उठले. चष्मा पुसला. बाईंचा हात धरून त्यांना खिडकीपाशी नेलं आणि तबकडीवर वाकले. वाकले ते वाकलेच.

"बाप रे," ते पुटपुटले. मग ओरडले, "अरे, या की इकडे! हा हिरवा रंग बघा! आणि काटा बघा, केसासारखा!"

भाऊजी धावले. वकील बाकाला अडखळले.

"कप्तान, नियमाचं काय?" वकिलांनी विचारलं.

"मीच केला होता ना? मीच मोडला." कप्तानांनी बाईंचं मनगट स्वतःच्या कानाशी नेलं. "आता तोंड बंद ठेव. ऐकू दे."