नीफ म्हणजे जन्मलेली

“या पंचांना बसायला बाक, आणि आपण काय बगळे आहोत?” आई इडोनियाच्या कानाशी कुरकुरली. गावाच्या मालकाच्या धान्यकोठारात सकाळपासून त्याच्या दिवाणजींची कचेरी भरली होती.

इडोनियाचं लग्न लिन शहरातल्या दोर वळणाऱ्याशी ठरलं होतं. पण आज कचेरीच्या दप्तरात तिच्या नावापुढे ‘नीफ’ लिहिलं गेलं, की मालकाच्या परवानगीशिवाय गावची वेस ओलांडायची सोय नव्हती. आणि परवानगी मालकाने आधीच नाकारली होती.

“नीफ म्हणजे काय हो?” तिने विचारलं. जन्मभर हा शब्द ऐकला, अर्थ कुणी सांगितला नव्हता.

लेखनिक वॉरिन खुलला. असं त्याला कुणी विचारत नसे. “मूळ लॅटिन. अर्थ एवढाच, जन्माला आलेली.”

“जन्माला तर दिवाणजीसुद्धा आलेत,” मागून लोहार पुटपुटला.

“मालकाच्या जमिनीला बांधील बापाच्या घरी जन्मलेली,” वॉरिन म्हणाला. “बापाची बेडी लेकराला. अनौरसाचं निराळं. कायद्याने त्याला बापच नाही, मग बेडी कुठून येणार? पण इथं तसं काही नाही ना?”

बाकावरचे बारा पंच आपापल्या पायांकडे बघू लागले.

चर्चमध्ये लग्न लावताना नवरानवरीवर चादर धरतात. इडोनियाच्या आईबापाच्या, ह्यू आणि गनोराच्या, लग्नात त्या चादरीखाली तिसरंही कुणी होतं. चर्चने त्या लेकराला औरस म्हटलं. राजाचा कायदा काही चादर जुमानत नव्हता. गावाने मात्र तो विषय त्या दिवसापासून झाकून टाकला. ह्यू तर कधीच मातीआड गेला, आणि गनोरा आज वेदीवरची वस्त्रं धुणारी, गावातल्या पोरींना वळण लावणारी बाई. तिच्यापुढे कोण बोलणार?

इडोनियालाही माहीत होतं. आत्याने एकदा भांडणात ऐकवलं होतं. तोंड उघडलं असतं तर ती सुटली असती. पण आईचा हात तिच्या मनगटावर होता, राखेच्या पाण्याने भेगाळलेला. तो आधार देत होता की गप्प बसवत होता, तिला कळेना.

“मग लिहितो,” वॉरिनने लेखणी शाईत बुडवली.

मनगट सुटलं.

“थांबा,” आई म्हणाली. आवाज नेहमीचाच, कपडे मोजून देतानाचा. “आमच्या लग्नात चादरीखाली ही होती. माझ्या कडेवर. चार दात आले होते तिला.”