रजाई तळाच्या ट्रंकेत

नोएडातल्या त्या ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये आज अश्लेषाची परीक्षाच होती. एकावर एक थर चढवलेली कॉम्प्युटरची चिप नवख्या मुलांना समजावून द्यायची. मुलांना कळलं तर नोकरी. कॅन्टोन्मेंटमधून निघताना शेजारच्या सरलावहिनींनी बजावलं होतं, "नवरा फौजेत आहे हे चुकूनसुद्धा बोलू नकोस." त्यांचं खरंच होतं. बदलीचा विषय निघाला की मुलाखत घेणारे गोड हसून वाटेला लावायचे.

इन्स्टिट्यूटचे प्रमुख हरीश सर, मूळचे पुण्याचे, मागच्या बाकावर बसले होते. अश्लेषाने स्लाइड लावून थर, जोडण्या, अंतर असं बरंच बोलून पाहिलं. मुलं ढिम्म. एकाने तर चक्क जांभई दिली. हातातल्या मार्करचं टोपण ती उगाच उघडत-मिटत राहिली.

शेवटी वैतागून तिने स्लाइड बंदच केली. "लोहे के काले ट्रंक देखे हैं?"

माना हलल्या. मग ती सुटलीच. ट्रंका खोलीभर पसरल्या तर जागा जाते, आणि एकीकडून दुसरीकडे चालून पाय दुखतात. म्हणून एकीवर एक रचायच्या. पण थंडी पडली की रजाई नेमकी तळाच्या ट्रंकेत. "हर पोस्टिंग में यही होता है," ती हसत म्हणाली. आता सगळ्या ट्रंकांना वरपासून खालपर्यंत आरपार बारीक भोकं पाडून तारा ओवल्या आणि रजाई त्यांवरून थेट वर आली असं समजा, तर काही उतरवायलाच नको. चिपमध्ये हेच करतात, रजाईऐवजी माहिती वरखाली जाते. जांभईवाला पुढे सरकून बसला.

तास संपल्यावर हरीश सर जवळ आले. "छान शिकवलंत. मिस्टर फौजेत आहेत?"

‘पोस्टिंग’ म्हणून आपण काय बोलून बसलो ते तिला तेव्हा उमगलं. पण खोटं बोलायला जीभ रेटेना. "हो."

"बदली?"

"मार्चनंतर कधीही."

"बरं. कळवतो."

हा शब्द तिला पाठ होता. तिला संताप आला. "सर, हा कोर्स जानेवारीत संपतो. तोवर मी इथेच आहे. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, मी फोनकडे बघत बसणार नाही."

हरीश सर घड्याळाशी चाळा करत राहिले. तेवढ्यात एक मुलगी वही घेऊन आली. "मॅम, बीचवाली लेयर गरम होगी, तो गर्मी निकलेगी कहाँ से?"

अश्लेषाने सरांकडे पाहिलं. ती फळ्याकडे वळली. नोकरी मिळो न मिळो, या पोरीला अर्ध्यावर सोडून ती जाणार नव्हती.