जुव्यावरची नवी माणसं

गोव्यात पेडण्याच्या अंगाने वाहताना शापोरा नदी एका जागी दुभंगते आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा एक होते. मधे जो जमिनीचा तुकडा उरतो त्याला जुवें म्हणतात. जुवें म्हणजे नदीतलं बेट. माड आहेत, खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध आहे, आणि बांधाच्या कडेने चार घरं. शेवटचं घर कुसुमचं. लग्न होऊन ती पलीकडच्या सिंधुदुर्गातून आली तेव्हा होडीतून उतरली होती. आता स्कूटर जाईल एवढा पूल झालाय. सकाळी पोदेर पाव घेऊन सायकलने थेट दारात येतो.

टीव्हीवाले मात्र होडीतून आले.

"पूल दिसला की बेट वाटत नाही," सेजल म्हणाली. कार्यक्रम तिच्या हाताखाली होता. पुण्याचं एक जोडपं बेटावर घर शोधतंय, तीन घरं बघणार, एक निवडणार. पुलावरून चालत आलेल्या त्या जोडप्याला तिने परत पलीकडे नेलं आणि होडीत बसवलं. उतरताना त्यातल्या बायकोची, योगिताची, चप्पल चिखलात रुतली. ती खळखळून हसली. सेजलने तिला परत होडीत चढवलं आणि पुन्हा तसंच हसायला लावलं.

माणसं येणार हे कुसुमला जावयाने, प्रज्योतने, फोनवर सांगितलं होतं. तो अशा मंडळींना गाड्या पुरवतो. "मामी, तुमचां घर बघूक माणसां येवची आसत. पुण्याची. त्यांका बेटावर घर होया."

बघायला येणार, एवढंच कुसुमने धरून ठेवलं. नवरा, आनंदा, गेल्यापासून लेक सिद्धी तिच्या मागे लागली होती. "आये, कारापुराक ये. हय एकटी पडलस तर कोणाक कळतला?" कुसुमचं उत्तर ठरलेलं. "येतंय गो. पण घर कोणाच्या हवाली करू? कुलपाच्या? घराक माणसां होयी. बरी माणसां गावली की दुसऱ्या दिवशी येतंय." सिद्धी चिडायची. "म्हणजे तू काय येवची नाय!"

आणि आता माणसं आली होती.

तिने पहाटेच घावने घातले होते, नारळाचा गोड रस केला होता. मुलगी बघायला येणाऱ्यांसाठी करतात तसं. पण पाहुण्यांच्या आधी घरात टीव्हीवाल्यांची चारदोन पोरं शिरली. दोरीवरची लुगडी काढली, फ्रिजवर चादर टाकून तो मागे सरकवला, सोप्यावरचा आनंदाचा हार घातलेला फोटो उतरवून आतल्या खाटेवर ठेवला. "बघणाऱ्यांना जड वाटतं, काकू," सेजल समजुतीने म्हणाली. "आणि तुम्ही जरा आत थांबाल? घर रिकामं दिसायला हवं."

कुसुम स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. बाहेर तिच्या घराविषयी बोलणं चाललं होतं आणि ती ऐकत होती, दाराआडची नवरी ऐकते तशी. मधेच मोपाहून उठलेलं विमान डोक्यावरून गेलं. एकाने हात वर केला आणि सगळे गप्प झाले. मग बार्ज गेली नदीतून, पुन्हा गप्प. शांत बेट असं थांबून थांबून शांत करावं लागत होतं.

मग योगिताचा आवाज आला. सोप्याच्या खांबाला हात लावून ती नवऱ्याला म्हणत होती, "हेच रे. आता पुढे काही बघायलाच नको. हे आपलं घर." आवाज दाटला होता. खोटा नव्हता तो. कुसुमने आत पदराने डोळे टिपले.

काम आटोपल्यावर योगिताने दोन घावने खाल्ले, तिसरा मागून घेतला. "काकू, किती नशीबवान आहात तुम्ही."

"आता तुम्ही," कुसुम म्हणाली.

योगिता हसली.

दराचं बोलणं झालं नाही, याचं कुसुमला काही वाटलं नाही. बघणं झालं, पसंती झाली. बैठक मागाहून होते. तिला काळजी होती ती राखणदार देवाची. बांधाच्या टोकाला सातविणीच्या झाडाखाली जुव्याचा राखणो असतो. बेटावरच्या माणसांची पावलं तो ओळखतो. अनोळखी पाऊल रात्री बांधावर पडलं तर चकवतो, नदीकडे उतरवतो. ती पुण्याची पोर, चिखलात धड पाय ठेवता येत नाही तिला! नवी माणसं यायची तर आधी त्याच्या कानावर घालायला हवं.

जुव्यावर देवाला गाऱ्हाणं घालायचं ते बाबुरावांनी. आनंदाबरोबर बार्जवर काम केलेला माणूस.

"वयनी, नक्की मा? तेका सांगलां की सांगलां."

"तिणी आपल्या तोंडान म्हटलां, भावजी. खांबाक हात लावून."

नारळ ठेवला, विडा ठेवला. शेजारची सात-आठ माणसं जमली. बाबुरावांनी डोकीचा रुमाल सोडला आणि हात जोडले.

"बा राखण्या म्हाराजा, तुझ्या जुव्यावर नवी माणसां येवची आसत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"त्यांची पावलां तुका वळखीची नाय. पण आता घर त्यांचां, आंगण त्यांचां. वाट चुकली तर हाताक धरून दारात पोचव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आनंदाच्या बायलेन आपलो हक्क सोडलो, तेचो राग धरू नको म्हाराजा."

यावेळी 'व्हय' यायला थोडा वेळ लागला.

त्या दिवसापासून कुसुमचं घरातलं वागणं बदललं. अंगणातली अबोली खुडताना हात अडखळे. कोंबड्या तिने बाबुरावांकडे दिल्या, लोणच्याच्या बरण्या घरोघर वाटल्या. झाडताना ती गुणगुणे, आणि ओठांवर आपसूक येई ते असं असे:

नदीच्या गे पाण्याला दोन वेळा भरती
दिलेलं घरदार येईना गे परती
दारीच्या माडा बाबा, ओळख नको सांगू
परक्या गे अंगणात सावली कशी मागू

मग एका बोचक्यात मावेल तेवढं घेऊन ती कारापूरला लेकीकडे गेली. किल्ली बाबुरावांकडे ठेवली, नव्या माणसांना द्यायला.

सिद्धीचा आनंद घरात मावेना. आईसाठी तिने खिडकीजवळची खाट केली, खाली जाड गादी घातली. कुसुम दिवसभर त्या खिडकीशी बसे. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. फोन वाजला की विचारी, "त्यांचो?" प्रज्योतला वाटे, सेजलचा म्हणते. तो म्हणे, "येतलो मामी, लागायचो आसा अजून." तो कार्यक्रमाविषयी बोलत होता, ती बैठकीविषयी.

कार्यक्रम एका रविवारी लागला. शेजारच्या दोघीतिघी आल्या, सिद्धीने भजी तळली. पडद्यावर होडी आली, योगिता हसली. माडांच्या वरून उडत उडत जुवें दिसलं. निळी नदी, हिरवे माड, पूल कुठेच नाही. शेजारणी म्हणाल्या, "अगो, हे आमच्या गोंयात? खरे दिसना!"

मग घर आलं. सोपा, खांब, अंगण. एकही माणूस नसलेलं. कुसुम पुढे सरकून बसली. स्वयंपाकघराचं दार दिसलं तेव्हा तिला वाटलं, आता त्यामागचं कुणीतरी हलेल. कुणी हललं नाही.

"घर सुंदर आहे," योगिता पडद्यावर म्हणाली. "पण इथे आल्यापासून मला वाटतंय की हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे. आपण इथे पाहुणेच राहू." खांबाला लावलेला हात दिसलाच नाही. तिसरं घर आलं, पांढरं, पोहायच्या तलावाचं. त्याच्या काठावर पाय सोडून ती म्हणाली, "हेच रे. हे आपलं घर." आवाज तसाच दाटलेला.

शेजारणी कुजबुजत उठून गेल्या. भजी गार झाली.

"जाऊ दे गे आये," सिद्धी म्हणाली, "त्यांका अक्कल नाय."

"पण तिणी म्हटल्यान. मी आयकलां, दाराआडसून."

प्रज्योत हसला. "मामी, तसां ते तिनय घरात म्हणवून घेतत. मगे एक ठेवतत. आणि तो पांढरो बंगलो त्यांणी आधीच घेतल्लो. शूटिंगच्या कितके आधी! बाकीची दोन घरां नुसती दाखवूक. तुमका म्हायत नाय? माका वाटलां, तुमका म्हायत आसा. दर नाय, काय नाय, असां घर कोण विकता?"

"राखण्याक सांगलां मी," कुसुम म्हणाली.

"कोणाक?" त्याचं हसू तसंच होतं. सिद्धीचं मात्र गेलं. ती जुव्यावर वाढलेली. तिने हातातली बशी खाली ठेवली.

"काय सांगलस, आये?"

"घर त्यांचां म्हणान."

दुसऱ्या दिवशी दोघी जुव्यावर गेल्या. बाबुरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"येवढांच मा? शब्द मागे घेऊया. त्या माणसांनी फसवल्यानी म्हणान सांगतंय. तो काय कोर्ट नाय, वयनी."

"तसां सांगू नकात." कुसुमचा आवाज एकदम चढला. "तो तिच्यार रागवतलो. माझ्या हातचां खाल्ल्यान तिणी. लेकरू आसा ता, जां सांगतत तां बोलता."

"मगे काय करूचां? घर तसांच?"

"आये," सिद्धी मधेच म्हणाली, "नाय तर नाय. चल, कारापुराक जावया. सुटलस तू ह्या घरातसून. बरां झालां."

कुसुमने बांधाकडे पाहिलं. घराला माणसं सांगितली होती, आणि माणसं आली नव्हती. दार बंद, अंगणात झावळ्या पडलेल्या, आणि सातविणीखालचा तो अजून वाट बघतोय कुणाचं तरी पाऊल वाजायची.

"भावजी, तेका सांगा, नवी माणसां इली. एकच इला."

"खय इला?"

"मी."

 बाबुरावांनी रुमाल सोडला. यावेळी जमवायला कोणी नव्हतं. बाकीची मंडळी कामावर. तिघंच सातविणीखाली उभी राहिली.

"बा राखण्या म्हाराजा... मागे सांगलेलां नवां माणूस इला म्हाराजा. एक बायलमनीस. कारापुरासून इला." त्यांनी जोडलेले हात सोडले. "वयनी, ह्या खोटां कसां सांगू? तुमी हयच्याच."

"सोडलो मा हक्क? मगे मी नवीच. सांगा."

"...हेका ह्या वाटा म्हायत नाय. एकटा आसा. तुझ्याशिवाय कोण नाय. हेका संभाळ म्हाराजा."

आता 'व्हय' म्हणायला सिद्धी एकटीच होती. तिने 'व्हय' म्हटलं की आई जुव्यावर राहणार. खिडकीजवळची खाट, जाड गादी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. बाबुराव थांबले होते. माडांत वारा थांबला होता की नाही, कुणास ठाऊक. कुसुमने लेकीकडे पाहिलं नाही. डोळे मिटून, हात जोडून ती उभी होती, पोरीच्या तोंडून आपली शिक्षा की सुटका काय यायचं ते येवो म्हणून.

"व्हय म्हाराजा," सिद्धी म्हणाली. अगदी हळू.

बाबुराव किल्ली देताना म्हणाले, "कोंबड्यो सांजेक आणून सोडतंय."

"नको. तुमच्यो त्यो. शेजाऱ्यानी नव्या माणसाक दोन अंडी दिली तर घेतलंय."

अंगणात येऊन ती थांबली. सिद्धीने कुलूप काढलं.

"जा गे भितर."

"तू हो आधी. रिकाम्या घरात नव्या माणसान आपणच कसां शिराचां? भितरसून कोणी तरी 'ये' म्हणूक होया."

सिद्धी आत गेली. एक खिडकी उघडली, मग वळून उंबरठ्याशी येऊन उभी राहिली. इतकी वर्षं तीच बोलवत होती आईला, कारापूरला ये म्हणून. आताही बोलवायचं होतं तिनेच.

"ये गे, आये."

कुसुमने चपला बाहेर काढल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला, आणि अनोळखी बाई अनोळखी घरात येते तशी, दाराला अंग न लागू देता, ती आत आली.