चौथीत एकटीच भाविका

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. खरवई गावाच्या कडेला एक बैठी मराठी शाळा आहे, तिथे चौथीच्या वर्गात माझी जागा. लाकडाच्या वस्तूने स्वस्थ असावं, असं म्हणतात. मला काही ते हल्ली जमत नाही.

अंबरनाथच्या एका सुताराने मला घडवलं. "तीन पोरं आरामात बसतील," तो म्हणाला होता. त्याचा अंदाज पहिल्याच वर्षी चुकला. माझ्यावर पाच-पाच जण दाटीवाटीने बसत. कडेच्याचं अर्धं बूड हवेत! कोपर लागलं की भांडण ठरलेलं. कल्पेश नावाचा एक मुलगा तर हटकून धक्का देऊन कडेच्याला खाली पाडायचा. मला या सगळ्याचा केवढा अभिमान वाटे!

पुढे शेतांवर इमारती उठल्या. मला वाटलं, एवढी घरं झाली, आता शाळेत मुलं मावायची नाहीत. घरं भरली, मुलंही आली. पण ती पिवळ्या बसमध्ये बसून आमच्या फाटकावरून शिरगावच्या इंग्रजी शाळेकडे जाऊ लागली. हळूहळू गावातली मुलंही त्याच बसमध्ये चढली. आधी मुलगे गेले. मुली मागे राहिल्या, मग त्याही एकेक करून कमी झाल्या. माझे सोबती बाक अडगळीच्या खोलीत गेले. गेल्या जूनमध्ये चौथीत उरली एकटी भाविका.

भाविका त्याच कल्पेशची मुलगी. तिचा धाकटा भाऊ सोहम पिवळ्या बसमधून जायचा. बस दिसली की ही मान फिरवायची. तिला एका जागी बसवत नसे. आधी या टोकाला, मग मध्ये, मग त्या टोकाला. चाचणीचा पेपर मिळाला तेव्हा तिने विचारलं, "बाई, मी पहिली आले की शेवटची?"

शलाकाबाईंना हसू आलं नाही.

दिवाळीनंतर कल्पेश दाखला मागायला आला. "बाई, पोरगी एकटी बसून वेडी व्हायची. घरी भिंतीशी बोलते."

"ती गेली तर चौथी बंद पडेल," बाई म्हणाल्या. "पट इतका घसरलाय की पुढच्या वर्षी शाळा राहील का, तेच सांगता येत नाही."

"म्हणून माझ्या पोरीला कोंडून ठेवू का?"

तेवढ्यात दारातून कल्पेशची आई तुळशी बोलली. शाळेतली खिचडी तीच रांधते. "पोऱ्याला इंग्लिशमधी घातलास, तवा पोरीचा इचार नाय आला?"

"सोमवारपर्यंत थांबा," बाई कशाबशा म्हणाल्या.

शाळेमागे एका टॉवरचं काम चालू होतं. मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहत. बाई आणि तुळशी दोन दिवस तिथे खेटे घालत होत्या. तिसऱ्या दिवशी चार मुलं वर्गाच्या दारात आली. सर्वांत मोठी विठा, कडेवर लहान भाऊ. मराठवाड्यातून आलेली. आई-बाप विटा वाहायचे आणि ही त्याला सांभाळायची. ती आत येईना.

"बस ना इकडे," भाविका म्हणाली.

"मळंल की."

"मळू दे!"

आणि बसली सगळी. तान्ह्यासकट!

सोमवारी कल्पेश आला आणि खिडकीशीच थांबला. भाविका विठाकडून तिच्या बोटाखालचं अक्षर वाचून घेत होती. मध्येच तिने विठाला कोपराने ढोसलं, विठानेही परत ढोसलं. दोघी खिदळल्या. मग कल्पेश दारात आला. "बाई, राहू द्या," तो म्हणाला. "चौथी होऊ दे हिची इथंच."

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी सुखाने झोपलो असतो. पण टॉवर पूर्ण झाला. एप्रिलमध्ये विठाच्या घरासकट सगळी मजूर कुटुंबं दुसऱ्या कामावर गेली. जाताना विठा वाचायला शिकली होती, एवढं खरं. भाविकाही पाचवीसाठी दुसरीकडे गेली. तिसरीतून वर येणारं कुणी नाही. वर्ग रिकामा आहे आणि मी दाराकडे बघत असतो.

विठाच्या आई-बापांनी ज्या घरांसाठी विटा वाहिल्या, त्याच घरांच्या बेल शलाकाबाई आता भर उन्हात वाजवत फिरतात. "मराठी मीडियम?" एवढंच विचारून लोक दार लावून घेतात.

त्यातलं एखादं दार तुमचंही असेल. उघडं ठेवा. बाईंना पाणी विचारा, त्यांचं ऐकून घ्या, एकदा आईबाबांना घेऊन शाळेत या. मला नवा रंग नको, पॉलिश नको. जूनमध्ये निदान दोन मुलं हवीत. एक नको, मित्रांनो. एकट्या मुलाला बसवून घ्यायचा धीर आता मला होत नाही.