तिसरा खट्

लेकीच्या लग्नानंतर जावई पहिल्यांदाच एकटा गॅरेजवर आला, तेव्हा मावशी नेमकी कोपरापर्यंत तेलाने बरबटलेली होती.

मावशी म्हणजे गॅरेजवाली. थोरल्या भावाच्या हाताखाली ती गाड्यांचं काम शिकली, भाऊ थकल्यावर गॅरेज तिच्याकडे आलं, आणि गल्लीने तिला मावशी करून टाकलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम असलं की आसपासचे गॅरेजवालेही गाडी तिच्याकडेच पाठवत.

जावई इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत कामाला. मोडलेले हात बांधायचे, निखळलेले सांधे बसवायला डॉक्टरांना मदत करायची. माणूस सोन्यासारखा, पण वर्षभरात दोघांचं बोलणं "बसा ना" आणि "हो, बसतो"च्या पुढे गेलं नव्हतं. लेक वैतागून म्हणायची, "तुम्ही दोघं एकाच दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे का वागता?"

आज तिनेच त्याला पिटाळलं होतं. मावशीचं उजवं मनगट महिनाभर ठणकत होतं, त्यासाठी इस्पितळातला पट्टा द्यायला.

"ठेवा तिथे," मावशी म्हणाली. "बसा ना. खुर्ची पुसून घ्या हं, नाहीतर पँट जाईल."

"हो, बसतो," जावई म्हणाला आणि उभाच राहिला.

बाकावर फिरत्या वाचनालयाच्या गाडीचा गिअरबॉक्स होता. गाडी बंद पडल्यापासून तीन आठवडे वाचनालयाच्या बाई दोन पिशव्यांत पुस्तकं भरून बसने गावोगाव फिरत होत्या. आज दुपारी गाडी देते, असं मावशीने त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. मदतनीस मात्र सकाळीच बायकोला घेऊन प्रसूतिगृहात गेला होता. त्याला कोण थांबवणार?

बसवायचा राहिला होता तो टॉर्क कन्व्हर्टर. भोपळ्यासारखा गोल, पोटात तेल भरलेला, एका माणसाला जेमतेम झेपेल असा. इंजिनाचं फिरणं या तेलातून गिअरबॉक्सला मिळतं, म्हणून ऑटोमॅटिक गाडीला क्लच दाबावा लागत नाही. मावशीने तो उचलला, गिअरबॉक्सच्या दांड्यावर चढवला आणि गोल फिरवत आत सारू लागली.

खट्.

"एक," ती पुटपुटली. पुन्हा फिरवला. खट्. तेवढ्यात मनगटातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"काय झालं?" जावई पुढे धावला.

"काही नाही हो. तीनदा वाजायला हवा. दोनदा वाजला." तिने गिअरबॉक्सच्या तोंडावर आडवी पट्टी धरली आणि खोली मोजली. "सत्तावीस मिलिमीटर हवेत. पंधराच आहेत. शेवटच्या, पंपाच्या खाचा लागल्या नाहीत."

"मग बोल्ट आवळून ओढून घेतला तर?"

मावशीला हसू फुटलं. "एकदा केलंय मी ते शहाणपण. कन्व्हर्टर बसला नाही, पंप मात्र फुटला. दादा आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता."

जावयाने बाह्या दुमडल्या. ती "अहो, राहू द्या, शर्ट पांढरा आहे" म्हणेपर्यंत त्याने दोन्ही हातांनी कन्व्हर्टर पेललाही होता. त्याने जोर लावला.

"अरे, ढकलू नकोस!" मावशी ओरडली. "तिरका होतोय! भार तुझ्या हातावर घे, सरळ धर आणि नुसता फिरव!"

"आई, तू हात काढ आधी, मनगट जाईल तुझं!"

तिने हात काढला. जावयाने डोळे मिटले. आता तो मुळीच ढकलत नव्हता. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, मध्येच किंचित मागे. मावशी बघतच राहिली. हे हात नवखे नव्हते, ते रोज हेच करत होते.

"खांदा बसवताना डॉक्टर असंच करतात," तो हळूच म्हणाला. "घाई केली की स्नायू आवळतो. वाट बघायची. तो आपणहून..."

खट्!

कन्व्हर्टर बोटभर आत गेला. मावशीने पट्टी लावली. पुन्हा लावली. "सत्तावीस! अगदी सत्तावीस! शाब्बास रे पठ्ठ्या!" आणि तिने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की पांढऱ्या शर्टावर पाचही बोटं उमटली.

मग आपण काय बोललो ते दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"मी तुम्हाला अरे-तुरे..." मावशी अडखळली.

"मीही अगं-तुगं केलं," जावई कानापर्यंत लाल झाला. "पण आता परत अहो-जाहो करायला मला जमणार नाही, बघ."

मावशी खो-खो हसत सुटली. त्याने तिच्या मनगटाला पट्टा बांधला आणि दोघांनी जॅकवरून गिअरबॉक्स गाडीखाली नेला. इंजिनाची चकती आणि कन्व्हर्टर यांत तीन मिलिमीटरची फट राहिली, आणि कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला. तेव्हाच मावशीने बोल्ट आवळायला सांगितले. तेल भरताना जावई तर चक्क शीळ घालत होता.

तीनच्या सुमारास वाचनालयाच्या बाई आल्या, दोन्ही खांद्यांवर पिशव्या. मावशीने त्यांच्या हातात किल्ली दिली. इंजिन सुरू झालं. बाईंनी ब्रेक दाबून गिअर टाकला, मग पाय अलगद उचलला, आणि गाडी लोण्यावरून सरकावी तशी निघाली.

"चला ना दोघं," बाई खिडकीतून म्हणाल्या. "पहिला फेरा तुमचा."

पुढे एकच जागा होती. जावयाने सासूला तिथे बसवलं आणि स्वतः मागे, पुस्तकांच्या फळ्यांमधल्या पोरांच्या बुटक्या स्टुलावर बसला. चौकात गाडी वळली तशी वरच्या फळीवरून तीन-चार पुस्तकं त्याच्या मांडीत पडली.

"लागलं का रे?" मावशीने मागे वळून विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला आणि त्यातलं एक उघडून वाचायलाही लागला.