राजेंद्रच्या गुडघ्यात पंधरा महिने

हो, मी काटाच बोलतोय. शिंदीचा. सध्या पुण्यातल्या एका दवाखान्यात छोट्या बाटलीत पडून आहे, पण माझा राग अजून जागच्या जागी आहे.

टाकवे बुद्रुकच्या ओढ्याकाठी आमचं झाड होतं, ओढ्यापल्याड आणखी सहा. झावळीच्या बुडाशी आम्ही काटे राखणीला असायचो. सुगरणींची वीस-पंचवीस घरटी वर लोंबायची. ज्या राजेंद्रनं लहानपणी आमच्या शिंदोळ्या खाल्ल्या आणि बिया आमच्याच बुंध्यावर थुंकल्या, त्यानंच ऐन श्रावणात कुऱ्हाड आणली. का, तर म्हणे पर्यटकांचे तंबू लावायला जागा पाहिजे! घरट्यांत पिल्लं होती. त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

झाड पडलं. झावळ्या ओढताना त्यानं उजवा गुडघा टेकला. म्हटलं, ये बाबा, तुझीच वाट बघत होतो. घुसलो तो थेट सांध्यात, आणि मुद्दाम मोडलो.

त्याची बायको शालन. तिनं पिनेनं माझं बूड उकरून काढलं, वर बिब्ब्याचा चटका दिला. "निगाला बघा सगळा," म्हणाली. कुठला सगळा? नखाएवढं टोक आत होतं की! दहा दिवसांत दोघंही मला विसरले.

मी कसला विसरतोय? दिवाळीपर्यंत गुडघा टम्म फुगवला. तळेगावच्या डॉक्टरांनी विचारलं, "पडला होतात? काही लागलं होतं?"

"न्हाई बा."

खोटं बोलला नाही हो, त्याच्या ध्यानीमनीही मी नव्हतो. एक्स-रेत मी दिसलो नाही. मी काय लोखंडाचा खिळा आहे? गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं, त्यातही काही सापडेना. शेवटी हाडाचा टीबी असावा असं ठरलं आणि गोळ्या सुरू झाल्या. नऊ महिने! लघवी लाल व्हायची, तोंडाची चव गेली. पोरगी यशोधरा त्याला धरून मोरीपर्यंत न्यायची. शेजारच्या अंबूबाईनं तर त्याचा चहाचा कप वेगळा ठेवला. मी आत बसून मजा बघत होतो. भोग म्हटलं. पिल्लांना कुणी गोळ्या दिल्या होत्या?

गोळ्या संपल्या, सूज तशीच. मग पुण्याला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मशीनमध्ये घालून बघितलं आणि सांगितलं, "आत गाठ आहे. मला ती बरी वाटत नाही. तुकडा काढून तपासू. कॅन्सर निघाला तर कदाचित पाय मांडीतून काढावा लागेल."

राजेंद्र शालनला म्हणाला, "पायाबिगर चिखलात भात कसं लावायचं गं?"

खरं सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बुंध्यापासून तोडलंस ना आम्हाला? आता तुझी पाळी.

पण ऑपरेशनच्या आधी शुभदा नावाची एक तरुण डॉक्टर आली, खुर्ची ओढून बसली. काय झालं होतं, हे तिनं विचारलंच नाही. तिनं विचारलं, "सुजायच्या आधी शेतात काय काय कामं केलीत?"

"चिखलनी, लावनी, बेननी. आन् वड्यावरची शिंदी तोडली."

"शिंदी? मग काटा नाही लागला?"

राजेंद्र हसला. "काटा व्हय? त्यो तर रोजच मोडतो, डाक्टर. त्याला काय लागनं म्हंत्यात?"

शालन मात्र उठून उभी राहिली. "अवं, मीच काडला की पिनेनं! ह्याच गुडग्यातला!"

"सगळा निघाला होता?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

शुभदानं सोनोग्राफी केली आणि मी पांढऱ्या रेघेसारखा उघडा पडलो. ऑपरेशनात चिमट्यानं धरून बाहेर ओढलं मला. गाठीचा तुकडाही तपासून आला. कॅन्सर नाही, टीबी नाही, माझ्याभोवती नुसती सूज साचलेली. पाय वाचला. पंधरा महिन्यांचं माझं राज्य त्या बयेनं एका प्रश्नात बुडवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बाटली राजेंद्रपुढं धरली. तो मला बघतच राहिला. "एवडासा?" म्हणाला, आणि मग दात खाऊन शालनकडं वळला, "पाय हलाय लागू दे. वड्यापल्याडच्या सा बी शिंदी काडतो. एक ठेवत न्हाई."

"आन् परत मोडला मंजी?" शालन म्हणाली.

राजेंद्रनं डाव्या गुडघ्यावरची चादर तेवढी नीट ओढून घेतली.

मला आता इथून हलता येत नाही. तेव्हा तुमच्यापैकी कुणाचं टाकव्याकडं जाणं झालं, तर त्याला माझा एवढा निरोप द्याच. म्हणावं, ये. झाडं सहाच आहेत, पण काटे मोजून ये. आणि तुझा धड गुडघा आता एकच आहे.