पाच उत्तरं

साल २०१९. फेब्रुवारीतला मंगळवार. सकाळपासून मी तीनदा चहा केला होता, कारण माझ्या नातीची, रसिकाची, शाळेत मुलाखत होती.

रसिका साडेचार वर्षांची. तिला ऑटिझम असल्याचं डॉक्टरांनी वर्षापूर्वीच लिहून दिलं होतं. तो कागद पाहून दोन शाळांनी जागा भरल्याचं सांगितलं, तेव्हा माझ्या मुलाने, केतनने, तो कपाटात साड्यांखाली सारला. तिसऱ्या शाळेत बोलायचंच नाही!

"लपवून शिकवणार कसं तिला?" सून स्वप्नाली म्हणाली.

मी मात्र केतनच्या बाजूची. दहा दिवस मीच तयारी करून घेतली. नाव, आईचं नाव, गाव, रंग, भाजी. रोज त्याच क्रमाने. पोरगी धडाधड बोलायची.

मुलाखतीत मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, "बाळ, भाजी कुठली आवडते?"

"रसिका केतन भोईर."

"राहतेस कुठे?"

"स्वप्नाली."

"आणि आईचं नाव?"

"गोडदेव," रसिका म्हणाली, आणि पुढचं कुणी विचारायच्या आत, "पिवळा. भेंडी." पाचही झाली म्हणून तिने टाळ्या वाजवल्या.

बाईंचं पेन थांबलं.

"लाजते ती, मॅडम. घरी एकदम फास्ट बोलते," केतन कपाळ पुसत म्हणाला.

मला माझा धाकटा भाऊ विठू आठवला. तोही असाच होता. मिठागरात पाण्यावर बोट फिरवून मीठ कधी तळाला बसेल ते सांगायचा. पाहुणे आले की त्याला मागच्या खोलीत ठेवायचे. दाराला कडी मी घालायचे.

मी ताडकन उठले. घाईत तोंडून गावची बोली आली. "बाई, चूक माझी हाय. पाठ मी करून घेतलं. क्रम तुमी बदललात, ती न्हाय चुकली. तिला ऑटिझम हाय."

"आई!" केतन ओरडला.

स्वप्नालीने गुपचूप पर्स उघडली. कागद तिने आणलाच होता!

बाईंनी तो सगळा वाचला. मग रसिकाकडे वळल्या. "नाव? आईचं नाव? गाव? रंग? भाजी?"

पाचही बरोबर.

"घेते हिला. पण वर्गात चाळीस मुलं आहेत. सुरुवातीला घरचं कुणी मागे बसेल?"

"आमचं दोघांचं ऑफिस..." केतन चाचरला.

"तुमी जा कामाला. मी बसते की!"

दोन महिन्यांसाठी बसले ती वर्ष संपेपर्यंत. इंग्रजी अक्षरं मला तिथेच आली. त्या बाई निवृत्त झाल्या. दिवाळीला फोन करतात. स्वप्नालीने नोकरी सोडून अशा मुलांना शिकवायचं शिक्षण घेतलं, आता त्याच शाळेत आहे. केतन हल्ली लिफ्टमध्ये भेटलेल्यालाही रसिकाच्या ऑटिझमबद्दल आपणहून सांगतो, एवढं की मीच म्हणते, "अरे, त्याला उतरू तरी दे." रसिका पाचवीत आहे. वेळापत्रक बदललं की अजून रडते, गणितात मात्र कुणाला ऐकत नाही.

विठू फार पूर्वीच, ब्याण्णव साली गेला. त्याचा फोटो नाही. रसिका त्याच्याबद्दल विचारते तेव्हा मी तिच्याच क्रमाने सांगते: विठू, पार्वती, गोडदेव, पांढरा. भाजीपाशी अडते. त्याला कुठली आवडायची, ते आम्ही कधी विचारलंच नव्हतं.